ईसीजीची काळी पट्टी

मी ईसीजीची पट्टी बोलतेय. पाहून ओळखणार नाही तुम्ही. माझ्या बहिणींच्या अंगावर बारीक चौकटी आणि नागमोडी रेघ असते. मी मात्र एका बाजूने तव्यासारखी काळीकुट्ट आहे. जन्मले तेव्हा अशी नव्हते.

एका लहानशा दवाखान्यात दोन मिनिटांत माझा जन्म झाला. टेबलावर एक हेडक्लार्क शर्ट काढून पडला होता. त्याच्या बायकोने त्याला ओढूनच आणलं होतं. कचेरीचे तीन जिने चढताना त्याच्या छातीवर दडपण यायचं, डावा हात जड व्हायचा. थांबलं की पाच मिनिटांत ओसरायचं. तो म्हणायचा, गॅस.

"सिगारेट?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सोडली."

"वडील कशाने गेले?"

"वयाने."

"बावन्नाव्या वर्षी," बायको म्हणाली. "जेवता जेवता."

त्याने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

बाईंनी मला खिडकीपाशी नेऊन पाहिलं. "यात काही दिसत नाही. पण ही पडून असलेल्या माणसाची पट्टी आहे. तुम्हाला दुखतं ते चढताना. हृदयाला तेव्हा रक्त कमी पडत असेल, तर ते चालतानाच कळेल. याच आठवड्यात ट्रेडमिलची तपासणी करून घ्या." मग मला उलटं करून त्यांनी बॉलपेनने तेच मागे लिहिलं. "आणि ही जपून ठेवा. पुन्हा दुखलं तर नवीशी ताडून पाहता येईल."

एवढ्या बोलण्यातून त्याने उचललं ते एकच: काही दिसत नाही. मला घडी घालून त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं. तिथे 'सोडलेल्या' सिगारेटचं पाकीट होतंच.

दुसऱ्या दिवसापासून तो मला टेबलाटेबलावर दाखवत सुटला. "बघा, नॉर्मल." खरं सांगते, मलाही मिरवायला आवडलं. त्याची मला आजही लाज वाटते.

कचेरीतलं लॅमिनेशनचं यंत्र त्याच्या ताब्यात होतं. जपायचा म्हणून जो कागद असेल, तो त्यात घालायचा ही त्याची सवयच. मलाही घातलं. माझा कागद असा, की उष्णता लागली की काळा पडतो. त्यावरची रेघही तशीच उमटलेली. मी बाहेर आले ती काळी होऊनच. शिपाई हसला.

"काळी झाली म्हणून काय झालं? होती तर नॉर्मल," हेडक्लार्क म्हणाला. मला फाईलमध्ये घातलं आणि वर सुबक अक्षरात लिहिलं: छाती, प्रकरण निकाली.

घरी बायको विचारायची, "अहो, ट्रेडमिलचं काय झालं?"

"केली अगं. तीही नॉर्मल."

तिने विश्वास ठेवला. न ठेवायला कारण काय होतं?

अकरा आठवड्यांनी, एका सुट्टीच्या सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या त्याला दरदरून घाम फुटला. "चला दवाखान्यात," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "थांब गं, ढेकर आला की बरं वाटेल." सोडा पिऊन त्याने दोन तास घालवले.

इस्पितळात तरुण डॉक्टरने नवी पट्टी काढली आणि विचारलं, "आधीची आहे?"

तिने फाईल पुढे केली. त्याने माझी काळी बाजू पाहिली, मला उलटं केलं. शाई जशीच्या तशी होती.

"ट्रेडमिल केली होती?"

"केली ना. नॉर्मल होती."

"मग तो रिपोर्ट?"

तिने फाईल चाळली, पुन्हा चाळली. आत मी एकटीच होते. तिचा हात तिथेच थांबला.

संध्याकाळच्या आत तिचा नवरा गेला.

आता मी तिच्या कपाटात असते. तुमच्या खिशात माझी एखादी बहीण असेल, तर मिरवण्याआधी डॉक्टरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐका. माझं कुणी ऐकेल असं मला वाटत नाही, तरी सांगते.

परवा तिने मला बाहेर काढलं. "खोटं का बोललात हो?" असं तिने मला विचारलं. "भांडायला तरी थांबायचं होतं."

मी काय सांगणार? मी पडून असलेल्या माणसाची पट्टी.