हळदीच्या ठिपक्याचा माइक

“डोळे बंध कर, चिंधा. उघड्या डोळ्यांनी माइक निवडशील ना, तर तुला फक्त त्याची किंमत ऐकू येईल.”

मगनभाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण त्यांचा हा गुजराती वळणाचा हुकूम काही त्या खोलीतून गेला नव्हता. चिंधाभाऊ खुर्चीत ताठ बसले. त्यांनी मोठे हेडफोन कानांवर चढवले आणि देवासमोर मिटावेत तसे डोळे मिटून घेतले.

“चाल हर्षदा, वाजाड बेटा.”

समोर स्टुलावर मगनभाईंची मुलगी हर्षदा गिटार मांडीवर घेऊन बसली होती. आणि दोघांच्या मधे, हळदीकुंकवाचा करंडा हातात धरून, उज्ज्वला उभी होती. लग्न होऊन या माणसाच्या घरात आली त्याला आता सून यायची वेळ झाली, पण रेकॉर्डिंग चालू असताना ती कधी या खोलीत थांबली नव्हती. तिचं काम बाहेरचं. पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, मग पायरीवर जाऊन बसायचं आणि गल्लीला गप्प ठेवायचं. कोसाडच्या वसाहतीतली तळमजल्यावरची ही खोली. वरच्या मजल्यावर उषाबाईंच्या घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम चाले, खाली भाजीवाले ओरडत फिरत. भिंतींना मात्र उज्ज्वलाने स्वतः शिवलेल्या गोधड्या लावलेल्या होत्या. मार्केटातून आणलेल्या साड्यांच्या कापांच्या. चिंधाभाऊ म्हणत, “आवाज इथं यीसन झोपस.”

आज मात्र तिला आत बोलावणं आलं होतं, कारण मामला मोठा होता. माइक दोन होते. एक मगनभाईंचा, जुना, पितळी तांब्याएवढा जड. दुसरा चिंधाभाऊंनी खास या कामासाठी मागवलेला, पेन्सिलीसारखा बारीक. आणि डबेही दोन, एक मगनभाईंचा जुना, एक नवरात्राआधी घेतलेला, चकचकीत नवा. त्या डब्यांना प्रीअँप म्हणतात एवढं तिला माहीत होतं. माइकमधून येणारा आवाज मुंगीएवढा असतो, त्याला माणसाएवढं करायचं काम या डब्याचं, असं चिंधाभाऊंनी सांगितलं होतं. उज्ज्वलाने ते आपल्या परीने समजून घेतलं: दूध एकच, पण ज्याच्या त्याच्या घरचं विरजण वेगळं, म्हणून दह्याची चव वेगळी.

आता या दोन माइकांच्या आणि दोन डब्यांच्या चार जोड्या होत होत्या. चिंधाभाऊंना न कळता त्या बदलायच्या कोणी? हर्षदाचे हात गिटारवर. मग उज्ज्वलाने वायरींना चिकटपट्ट्या लावल्या आणि त्यांवर आपल्याला कळतील अशा खुणा केल्या. नवा माइक नव्या डब्याला, तो हळदीचा ठिपका. नवा माइक जुन्या डब्याला, तो कुंकवाचा. जुना माइक नव्या डब्याला, बुक्का. आणि जुन्याला जुना, गुलाल. सकाळी अंघोळ करून तुळशीला पाणी घालून झालं होतं, तरी वायरींना हात लावण्याआधी तिने पुन्हा हात धुतले. मगनभाईंचं काम होतं ना.

मगनभाई म्हणजे चिंधाभाऊंचे गुरूच. चिंधाभाऊंचं अर्धं आयुष्य पांडेसऱ्याच्या लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात गेलं. तिथे शेजारी उभा राहिलेला माणूस काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागे. सुट्टीच्या दिवशी मात्र ते मगनभाईंच्या दुकानात जाऊन बसत. दुकान साउंडचं, मागे रेकॉर्डिंगची खोली. मगनभाईंनी या खानदेशी माणसाला काय काय शिकवलं! पुढे लूम सोडून चिंधाभाऊंनी हाच धंदा धरला. लग्नातली गाणी, कानबाई देवीची गाणी, भजनी मंडळं. आणि मगनभाई दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी चिंधाभाऊंचा हात धरून एकच मागितलं होतं. त्यांनी स्वतः बसवलेली एक धून होती. ती फक्त हर्षदाला वाजवता येई. “हर्षीची धून तू भर, चिंधा. तुझ्या कानानं भर.” चिंधाभाऊंनी हो म्हटलं होतं. परवा मगनभाईंची वरसी, म्हणजे वर्षश्राद्ध. सगळ्या नातेवाइकांपुढे ती धून वाजायची होती.

हर्षदाने तेच चार सूर चार वेळा वाजवले. उज्ज्वलाने चार वेळा वायरी बदलल्या. चिंधाभाऊंनी डोळे न उघडताच बोट वर केलं.

“पहिला! हाऊच माइक. बाकीनामा कोन्ही कापूस कोंबेल शे.”

पहिला म्हणजे हळदीचा. नवा माइक, नवा डबा. उज्ज्वलाला बरं वाटलं. पैसे सार्थकी लागले. तिने तीच वायर पुन्हा लावली.

“अजून मोकया करस,” असं म्हणत त्यांनी चाचपडत बारीक आवाज चढवायचं बटण फिरवलं. चेहरा खुलला. “आते कसा उघडना!”

हर्षदाने मात्र वाजवता वाजवता हात थांबवला आणि आपल्या कानांवरचे हेडफोन ओढून काढले.

“काका, टोचतंय. आणि ही सीटी शेनी वागे छे?”

“शिट्टी? कसानी शिट्टी?”

“शिट्टी, काका. सतत वाजतेय. बारीक.”

चिंधाभाऊ हसले. डोळे मिटलेलेच. “तुन्हा कानमा शिट्टी शे, बेटा. काल लगनना डीजे आयकी वनी का?”

हर्षदा हसली नाही. तिने आपले हेडफोन उज्ज्वलापुढे धरले. उज्ज्वलाने पदर सावरून ते घाबरत घाबरत कानांवर ठेवले, आणि दचकलीच. गिटारच्या तारा नव्हेत, जणू कोणी स्टीलच्या ताटावर चमचा ओढत होतं. आणि त्याच्याखाली, न थांबता, उन्हाळ्यातल्या किड्यासारखी एक बारीक शिट्टी. हर्षदा वाजवत नव्हती तरी शिट्टी चालूच होती. नव्या डब्यातून येत होती.

“अहो,” ती म्हणाली, “माले बी आयकू यी राह्यनी.”

चिंधाभाऊंचा चेहरा तसाच. वाट पाहणारा.

“अहो, शिट्टी शे.”

काही नाही. हर्षदा उज्ज्वलाकडे बघू लागली. उज्ज्वला नवऱ्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे. तिला वाटलं, हर्षदाचं बोलणं माइकमधून त्यांच्या कानांत जातं, आपलं हेडफोनमुळे अडत असेल. ती पुढे झाली आणि हलक्या हाताने तिने ते काढून बाजूला ठेवले. त्यांना वाटलं, वायर बदलतेय. ते तसेच बसून राहिले.

तिची नजर कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे गेली. का गेली, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. तिने छोटी पितळी घंटी उचलली. चिंधाभाऊंच्या मागे जाऊन उभी राहिली आणि रोज सकाळी वाजवते तशी, तितक्याच हलक्या हाताने, वाजवली.

चिंधाभाऊ बसून होते.

तिने पुन्हा वाजवली. अगदी कानामागे.

“व्हयनं का नही?” ते म्हणाले. “लाव ना दुसरी वायर. कितली वाट देखू?”

खोलीतल्या सगळ्या गोधड्या जणू उज्ज्वलाच्या छातीवर येऊन पडल्या. हर्षदाने तोंडावर हात ठेवला होता.

“अहो!”

ती ओरडली. खरंच ओरडली. मुलगा महेश लहानपणी तापाने फणफणून दवाखान्यात पडला होता तेव्हा उज्ज्वलाने कानबाईला शब्द दिला होता: माझा मुलगा घरी येऊ दे, मी जन्मभर वर आवाजात बोलणार नाही. त्याआधी तिचा आवाज असा होता, की नळावरची भांडणं तो ऐकून थांबत. महेश बरा झाला, आता तो पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे, आणि तिने आपला नेम कधी मोडला नव्हता. आज मोडला.

चिंधाभाऊंनी दचकून डोळे उघडले. वळून पाहिलं. बायकोच्या हातातली घंटी दिसली. मग तिचा चेहरा दिसला.

“वाजाडी का?” त्यांनी विचारलं.

हर्षदाने मान हलवली.

“परत वाजाड.”

तिने त्यांच्या डोळ्यांपुढे घंटी धरली आणि हलवली. आतला लोलक इकडून तिकडे आपटत होता. चिंधाभाऊ त्या लोलकाकडे टक लावून पाहत राहिले, काचेच्या पलीकडचं काही बघावं तसे.

“मंग रोज सकाये?” तिचा आवाज पुन्हा बारीक झाला होता. मग लक्षात येऊन तिने तो चढवला. “रोज सकाये घंटी वाजाडी का तुम्ही उठतस ना?”

“धूपना वास येस,” चिंधाभाऊ म्हणाले. “तवय उठस मी.”

धुपाचा वास. उज्ज्वला मटकन खाली बसली. किती वर्षं ती याच समाधानात होती, की आपली घंटी ऐकून घरधनी उठतो. आणि आपण काहीही सांगितलं की हा माणूस हसून मान हलवतो, किती समजूतदार माणूस दिला देवाने! नव्या शेगडीला हो म्हणाले, शेगडी आली नाही. बारडोलीला मावशीकडे जाऊन येऊ म्हटलं, त्यालाही हो म्हणाले, गेलं कोणीच नाही. तिला वाटायचं, विसरभोळा आहे. तिने देवाला आवाज वाहिला होता, आणि इकडे तो आवाज ज्याच्यासाठी होता त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. नवरात्रात येऊन गेलेलं भजनी मंडळ परत का आलं नाही, तेही आता कळलं. त्यांच्या सगळ्या अभंगांखाली ती शिट्टी वाजत असणार.

चिंधाभाऊ हेडफोन शर्टाच्या टोकाने पुसत बसले होते. स्वच्छच होते ते.

“लूमखातामा राह्यना सगळा,” ते म्हणाले. सगळा म्हणजे कान. मग हेडफोन मांडीवर ठेवून, “मगनभाईले काय सांगू मी? ‘तुझ्या कानानं भर’ म्हने तो.”

हर्षदाने डोळे पुसले. “काका, राहू दे. मी मोबाईलवर करून घेईन. चालेल पप्पांना.” ती गिटारचं कव्हर उघडू लागली.

चालणार नव्हतं. तिघांनाही माहीत होतं. मगनभाईंनी जन्मभर मोबाईलच्या रेकॉर्डिंगला ‘पत्र्यावरचा पाऊस’ म्हटलं होतं. चिंधाभाऊंनी तिला थांबवलं नाही. थांबवायला त्यांच्याजवळ काय उरलं होतं?

उज्ज्वला उठली.

“हर्षदा, बस खाली.” आवाज असा निघाला की हर्षदा बसलीच. मग नवऱ्याकडे वळून, त्याला ओठ दिसतील अशी उभी राहून ती म्हणाली, “माइक कुठे लावाना ते तुम्ही सांगा. आयकाना काम मन्हं.”

“तुले काय समजस त्यानामा?”

“डोया मिटीसन बसाना शे ना? तेवढं माले येस. रोज देवम्होरे तेच करस मी.”

चिंधाभाऊ तिच्याकडे पाहत राहिले. या बाईला इतकं मोठ्याने बोलताना त्यांनी शेवटचं कधी ऐकलं होतं? वरून उषाबाईंनी जिन्यात डोकं काढून विचारलंच, “काय वं उज्ज्वला, भांडन चालू शे का?”

“नही वं! गानं भरी राह्यनूत!” उज्ज्वलाने खालूनच ओरडून सांगितलं. कानबाईला काय दंड द्यायचा ते संध्याकाळी दिव्यापाशी बघू, तिने मनात म्हटलं.

हेडफोन कानांवर चढवून ती खुर्चीत बसली. डोळे मिटले. आता वायरी चिंधाभाऊ बदलत होते. हळदीचा आणि बुक्क्याचा, म्हणजे नव्या डब्याचे दोन्ही, तिने पहिल्याच फटक्यात बाद केले. दोन्हींत शिट्टी. गुलालाचा गोड होता, जुन्या खव्यासारखा. पण फारच गोड. तार वाजते ते कळे, बोट कळत नव्हतं. कुंकवाच्यात मात्र हर्षदाचं बोट एका तारेवरून दुसरीवर सरकताना तिला जणू दिसलं.

“कुंकू,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “कुंकू! पन जरा टोचस.”

चिंधाभाऊ गिटारपुढे उकिडवे बसले. पेन्सिलीसारखा तो माइक त्यांनी गिटारच्या भोकासमोरून काढला. “इथं घुमस,” ते म्हणाले आणि त्यांनी तो दांड्याच्या बाजूला नेला. मधे एक वीत धरून अंतर मोजलं. मग माइकचं तोंड किंचित तिरकं केलं.

“आते?”

“अजून टोचस. थोडा.”

केसभर फिरवला. त्यांच्या बोटांना काही विचारावं लागत नव्हतं.

“आते?”

तिच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. मगनभाई दुकानाच्या पायरीवर बसून संध्याकाळी हेच वाजवायचे आणि ती भाजीची पिशवी घेऊन समोरून जायची. तोच आवाज. तिने नुसती मान हलवली. चिंधाभाऊंना ते दिसलं. त्यांनी स्टँडचा स्क्रू घट्ट पिळला आणि नव्या डब्याची वायर काढून टाकली.

मग त्यांनी खोलीभर एकदा पाहिलं. पंखा बंद केला. खिडकी लावली. भिंतीवरच्या मगनभाईंच्या फोटोपुढे क्षणभर उभे राहिले, पण हात जोडले नाहीत. काम अजून व्हायचं होतं. उंबऱ्याशी जाऊन त्यांनी चपला पायांत सरकवल्या. बाहेर कोपऱ्यावर भाजीवाल्याची गाडी वळताना दिसत होती.

उज्ज्वलाने डोळे उघडून विचारलं, “तुम्ही?”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आज पायरीवर त्यांची पाळी होती.

दार ओढून घेताना कडी वाजते. इतकी वर्षं ती वाजू न देण्याचं काम उज्ज्वलाचं होतं. चिंधाभाऊंनी कडी दोन बोटांत धरली, आणि ती वाजते की नाही हे आत बसलेल्या बायकोच्या चेहऱ्यावर पाहत पाहत, सावकाश, त्यांनी दार लावून घेतलं.