वाडग्याची ओळ

लेटिसने त्या आठ ओळी लिहिल्या तेव्हा बाहेर बर्फ पडत होता आणि चुलतभाऊ हम्फ्री शेगडीपाशी जांभया देत होता. त्याला हसवावं, एवढाच हेतू. शेजारच्या जुडिथबाईंनी नवरा वारल्यावर वर्ष सरायच्या आत आपल्या कारभाऱ्याशी, एडमंडशी, लग्न लावलं होतं. गावभर तोच विषय. लेटिस पाद्र्याची लेक. जुडिथबाईंनीच तिला बोट धरून अक्षर गिरवायला शिकवलं होतं. त्याच अक्षरात तिने यमक जुळवलं, की धनी अंथरुणाला खिळले तेव्हा किल्ल्या कारभाऱ्याच्या हाती होत्या आणि सुपाचा वाडगाही त्याच्याच हाती होता. हम्फ्री पोट धरून हसला आणि जाताना एक नक्कल श्रूजबरी शहरात घेऊन गेला.

छापखान्याची गरजच पडली नाही. एकाने उतरवून घेतलं, दुसऱ्याला दिलं. ईस्टरनंतर लेटिस मैत्रिणीकडे गेली, तर उर्सुलाने उशीखालून घडी केलेला कागद काढला.

"ऐक, काय झकास जमलंय. लंडनच्या कुणा बड्या माणसाचं आहे म्हणे."

ओळी आता वीस झाल्या होत्या. नवव्या ओळीत वाडग्यात विष पडलं होतं.

लेटिसने कागदाची पुन्हा घडी घातली. "दे ना, मीही उतरवून घेते," म्हणत तिने कागद घरी नेला आणि चुलीत घातला. मग आणखी एकीकडून मागून आणला, तोही जाळला. पण गुत्त्यावरून जाताना तेच कुणीतरी चालीवर म्हणत असायचं. जुडिथबाईंचं चर्चला येणं थांबलं. "त्यांना बरं नाही का गं?" वडील जेवताना विचारत, आणि लेटिस ताट सरकवून उठत असे.

शेवटी ती गेलीच. जुडिथबाई अंगणात वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"बाई, ते मी लिहिलं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "सगळं?"

"पहिल्या आठच ओळी. विषाचं माझं नाही, शपथ घेते."

"आणि वाडगा?"

"तो माझाच."

"रात्र रात्र जागून एडमंड त्यांना भरवायचा, लेटी. घोट घोट. आता माझ्या ताटालाही हात लावत नाही. नोकर बघतात ना."

"मी उत्तर लिहिते. खाली माझं नाव घालते आणि घरोघर देते."

"म्हणजे ज्यांनी हे वाचलं नाही, तेही मागून घेतील. तू आता काही लिहू नकोस, पोरी."

बाईंनी हाकलून दिलं असतं तर लेटिसला बरं वाटलं असतं. त्या मात्र टरफलं गोळा करत म्हणाल्या, "रविवारी चर्चला येशील आमच्याबरोबर? दोघांनाच आत शिरायचा धीर होत नाही. आणि त्याला यातलं काही सांगू नकोस. तुझ्याबद्दल त्याचं मत फार चांगलं आहे."

रविवारी ती दोघांच्या मधून चालली. चर्चच्या दारातली कुजबुज एकदम थांबली. उर्सुलाने भुवया उंचावल्या, मग तोंड फिरवलं. एडमंडने त्यांच्या कठडेबंद बाकाचं दार उघडून धरलं आणि वाकून हळूच म्हणाला, "तुम्ही सोबत आलात, फार उपकार झाले."

लेटिसने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. पानावर काय आहे ते तिला दिसत नव्हतं.