रिकाम्या रकान्यातली रेघ

फिल्मवरची रेघ तीन मिलिमीटर रुंद होती, डावी कड किंचित जाड. शेजारच्या रकान्यातही तशीच रेघ. पहिल्या रकान्यात साध्या उंदराच्या मेंदूतली प्रथिनं होती. दुसऱ्यातला उंदीर नॉकआउट, म्हणजे आम्ही शोधत असलेला रिसेप्टर त्याच्यात जन्मापासूनच नव्हता. रेघ म्हणजे रिसेप्टर असल्याची खूण, त्यामुळे तिथे काहीच दिसायला नको होतं.

"हे काय आहे?" गोपाळकृष्ण सरांनी विचारलं.

"सर, चौथ्यांदा केलं. दर वेळी येतंय," शेफाली म्हणाली. तिच्या पीएचडीचं हे पाचवं वर्ष.

"चार वेळा तीच चूक! सातत्य आहे हो तुझ्यात."

सोमवारच्या मीटिंगमधले बाकीचे हसले. मी डायरीत पाहत राहिले.

सर आमच्या विभागाचे प्रमुख आणि हा रिसेप्टर ही त्यांची ओळख. चेतापेशीच्या पृष्ठभागावर बसून रसायनाचा निरोप आत पोचवणारं हे प्रथिन भीतीच्या आठवणी पक्क्या करतं, असं आम्ही अकरा वर्षांपूर्वी शोधनिबंधात, म्हणजे आमच्या पेपरात म्हटलं. आम्ही म्हणजे मी. काम माझं, पहिलं नाव माझं, पत्रव्यवहाराचा पत्ताही माझा. सरांकडे भाषणं. ज्येष्ठ नागरिक संघात ते रिसेप्टरला कुलूप म्हणतात, रसायनाला किल्ली, आणि शेवटी हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं असं सांगून टाळ्या घेतात. पूर्वजांनी निदान कंट्रोल तरी केला असता.

आम्ही केला नव्हता. रिसेप्टरला चिकटून तो दाखवून देणारी अँटिबॉडी परदेशातून आली होती आणि बाटलीवर रिसेप्टरचं नाव छापलेलं होतं. ती दुसऱ्याच कशाला चिकटत नाही ना, हे नॉकआउट उंदरात तपासायचं असतं; तोच कंट्रोल. तो उंदीर मागवायला आठ महिने लागले असते. "छापलंय ना त्यावर?" सर म्हणाले. मंडईत मेथीची जुडी सोडून बघणारी मी, बाटली मात्र लेबल वाचून वापरली.

मागच्या जुलैत दुसऱ्या एका प्रकल्पासाठी ते उंदीर आले. एका रविवारी मी एकटीने प्रयोग केला. रेघ आली. फिल्म पाकिटात घातली आणि ठरवलं, सर निवृत्त झाले की सांगू. मग ठरवलं, शेफालीचा प्रबंध होऊ दे. कारणं शोधायचं शिक्षण आम्हाला भरपूर मिळालेलं असतं.

"हाताला सफाई नसेल तर हे शास्त्र जमत नाही," सर शेफालीला सांगत होते. "हिंजवडीत आयटीच्या नोकऱ्या आहेत की. तिकडे कोणी रेघा मोजत नाही."

"मी पाचव्यांदा करते, सर. माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक."

तिची वही माझ्या बाजूला उघडी होती. पानावर संभाव्य चुकांची यादी: पिपेट, तापमान, धुण्याची वेळ, हात थरथरतो, झोप, असं बरंच. अकरा नोंदी, सगळ्या स्वतःच्या नावावर. "झोप"खाली दोनदा रेघ मारलेली. बाटलीचा कुठेही उल्लेख नव्हता. आमचाही नव्हता.

"नीरजाबाई, तुम्ही समजवा हिला. तुमच्या वेळी कशी पहिल्या फटक्यात रेघ आली होती!"

"आली होती," मी म्हणाले. "मागच्या जुलैतही आली. नॉकआउटमध्ये."

"कोणी केलं होतं?"

"मी."

शेफालीने मान वर केली. "मॅडम, मी नोव्हेंबरपासून हेच करतेय."

"हो. मला माहीत होतं."

तिने माझ्या बाजूची वही मिटून स्वतःकडे ओढली.

"हे आपण केबिनमध्ये बोलू," सर घाईने म्हणाले. "शनिवारी माझा सत्कार आहे. निदान तोवर तरी..."

"सत्कार होऊ द्या की, सर. शाल घ्या, श्रीफळ घ्या. त्याला कंट्रोल लागत नाही."

कोणी हसलं नाही.

"अहो, अकरा वर्षांचं काम आहे! तुमचंसुद्धा!"

"माझंच आहे." मी शेफालीकडे वळले. "पाचव्यांदा करू नकोस. तुझा हात चांगला आहे, अँटिबॉडी खोटी आहे. मी तो पेपर मागे घेतेय."