खडूवरची रेघ

"बाबा, झालं का? आठला हजेरी आहे," पोरीने आतून हाक मारली.

वेल्डर उकिडवा बसून सायकलीच्या मानेखाली, हँडलजवळच्या जोडाकडे बघत होता. मघाशी त्याने तिथे रॉकेल लावलं होतं, कोरड्या फडक्याने पुसलं होतं आणि वरून खडू फासला होता. नळीला तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल परत झिरपतं आणि खडूवर ओली रेघ उठते. वेल्डरांचा हा जुना एक्स-रे. रेघ उठली होती. केसाएवढी बारीक, बोटभर लांब.

त्याने अंगठ्याने ती पुसली. पुन्हा खडू फासला. पुन्हा उठली. रेघ कुणाच्या बापाला भीत नाही.

पाच महिने तो ही सायकल करत होता. डोंगरात पळवायची, पुढे धक्के झेलणारा शॉक आणि मागे ताठ; हार्डटेल म्हणतात ती. पोरगी ठेंगणी. दुकानातली सगळ्यात लहान डोंगरी सायकलही तिला मोठी. गेल्या वर्षी मागून आणलेल्या सायकलवर तिची बोटं ब्रेकपर्यंत धड पोचत नव्हती, तरी शर्यतीत पाचवी आली. म्हणून यंदा तिच्या मापाची, घरीच. भंगारातल्या दोन मोडक्या फ्रेमींच्या पातळ नळ्या कापून त्याने एक फ्रेम जोडली. शॉक अपघातात गेलेल्या सायकलीचा, चाकं दोन घरची दोन, सीटचं कव्हर बायकोने जुन्या पर्समधून शिवलेलं. आज निवडीची शर्यत. पहिल्या तिघींना क्रीडा वसतिगृह, जेवण, शिक्षण. पुढच्या वर्षी पोरगी वयात बसत नव्हती. आज हुकलं की खोक्यांच्या कारखान्यात, आईच्या शेजारच्या स्टुलावर.

कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्त करणाऱ्या सायकलवाल्याने फ्रेम जोडतानाच सांगितलं होतं, "वेल्डर, हे गेट नाही. कागदासारखी नळी आहे. आच कमी दे, आणि ती पट्टी लावू नकोस."

"तीस वर्षं हेच करतोय. माझ्या गेटावर हत्ती बसव."

"बसेल रे हत्ती. पण तुझा हत्ती उड्या मारत डोंगर उतरतो का?"

वेल्डर हसला होता. आणि मजबुती यावी म्हणून मानेखाली लोखंडी पट्टी लावून चारी बाजूंनी भरभरून वेल्डिंगचा टाका मारला होता. टाका आजही पहाडासारखा होता. तडा टाक्याला नव्हताच. जास्त आचेने शेजारची नळी ठिसूळ झाली होती आणि पट्टीच्या टोकाशी फाटत चालली होती. अक्कल गेटवाल्याची, मान पोरीची.

बायको मागे येऊन उभी राहिली. खडू कशाला फासतात हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"किती आहे?"

"बोटभर."

"वरून अजून एक टाका मारा ना."

"पुन्हा आच दिली की अजून फाटेल."

"आजचा दिवस तरी निघेल?"

"निघेलही. नाही निघाला तर उतारावर चाक एकीकडे, पोरगी एकीकडे."

बायकोने दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर धरले. बोटांची टोकं खळीने गुळगुळीत झाली होती, ठसाही उठत नव्हता. "वीस वर्षं खोकी चिकटवतेय. तिला सांगू नका. निघेल."

"मला ऐकू येतं, आई."

पोरगी दारात उभी होती. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर सतरा नंबर. ती वाकली, रेघ बघितली. "मी चालवणार."

"पडशील."

"मागच्या वर्षीपण पडले की."

"हे तसलं पडणं नाही. मान मोडेल."

"कुणाची? सायकलीची?" कुणी हसलं नाही. "बाबा, तुम्हीच म्हणाला होता, हत्ती बसेल. मी बेचाळीस किलो आहे."

तिने हँडल धरलं. ती ऐकणार नव्हती. हट्ट बापाचाच होता, उसना आणलेला नव्हता. गरिबाला सगळं विकत घ्यावं लागतं, हिंमत तेवढी फुकट मिळते आणि तीच जीव घेते. वेल्डरने लोखंड कापायचा हॅक्सॉ उचलला. बायकोने त्याचं मनगट धरलं. त्याने ते सोडवलं आणि नळीवर पातं टेकवलं.

बारा फेऱ्या. मोजून बारा, आणि नळी आरपार कापली गेली. गेटाच्या नळीला शंभर लागतात. सायकलवाल्याने पाच महिन्यांपूर्वी सांगितलेलं त्याच्या हाताला आत्ता कळलं.

पोरीने घड्याळ बघितलं आणि चालत निघाली. तो दहा पावलं मागून.

मैदानात यादीवाला एकेक नंबर पुकारत होता.

"सतरा."

"हजर."

"सायकल कुठंय?"

"नाही."

"मग आलीस कशाला?"

"यादीत गैरहजर लागलं असतं."

"अगं, पण हजर राहून पळणार कशावर?"

"ते तुम्ही विचारलं नाही. नंबर पुकारला, मी हजर म्हटलं."

यादीवाल्याने तिच्याकडे बघितलं, मागे उभ्या बापाकडे बघितलं, आणि सतराच्या पुढे हजेरीची खूण केली.

शिट्टी झाली. सोळा गेली, अठरा गेली. मधल्या जागेत पोरगी तशीच उभी राहिली. धूळ आधी तिच्या अंगावर आली, मग पायाशी बसली. शेवटची सायकल चढावर दिसेनाशी झाली.

वेल्डर तिच्या मागे येऊन थांबला. खांद्यावर ठेवायला हात उचलला, तर बोटं खडूने पांढरी. तो पँटला हात पुसत राहिला. पोरीने हेल्मेटचा पट्टा अजून सोडला नव्हता.