व्हिटलॉकच्या भरवशावर

टॅनर व्हिटलॉक देखणा होता, हे त्याचे शत्रूही मान्य करत; आणि त्या वर्षी टोलेडोत त्याचे शत्रू म्हणजे जवळजवळ अख्खं गाव. उंच, रुंद खांद्यांचा, हनुवटीला खळी. गाद्यांच्या एका जाहिरातीत तो गादीवर आडवा पडून हसायचा, आणि ते काम त्याला फार छान जमायचं. आडवं पडण्याचा सराव दर रविवारी मैदानावर होतच होता.

तो टोलेडो हॅमर्सचा क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉलच्या संघात मेंदू आणि उजवा हात हे दोन्ही एकाच माणसाकडे सोपवलेले असतात, तो हा माणूस. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, मग तो इकडेतिकडे पाहतो आणि मोकळ्या दिसणाऱ्या गड्याकडे फेकतो. व्हिटलॉकही मोकळ्या गड्याकडेच फेकत असे. त्या गड्याच्या अंगात कुठल्या संघाचा शर्ट आहे, असल्या संकुचित विचारात तो पडत नसे.

त्याच्या डोक्यावर प्रशिक्षक डोरन्स. हॉटेलच्या मेन्यूकार्डाएवढा एक प्लॅस्टिकचा तक्ता तोंडासमोर धरून हे गृहस्थ कानातल्या यंत्रावरून व्हिटलॉकच्या शिरस्त्राणात सूचना सोडत. तोंड झाकायचं, कारण प्रतिस्पर्ध्याने ओठ वाचून डाव ओळखू नये. वास्तविक त्यांचा डाव टोलेडोतल्या शाळकरी मुलींनाही पाठ होता. आधी मधून घुसायचं, अडायचं. पुन्हा मधून घुसायचं, पुन्हा अडायचं. मग घाबरून चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकायचा. हरल्यावर डोरन्स पत्रकारांना सांगत की संघ योग्य दिशेने चालला आहे. व्हिटलॉकच्या फेकीवर मेहनत घ्यायला त्यांनी खास माणूस नेमला होता. तो त्यांचा मेहुणा निघाला.

हे सगळं व्हर्न सोबचॅकने मुकाट्याने सोसलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. व्हर्नचा लग्रेंज रस्त्यावर दारूचा गुत्ता होता, बापाने सुरू केलेला. बापाकडून गुत्ता आला आणि त्याबरोबर हॅमर्सचं वेडही आलं; गुत्ता आणि संघ दोन्ही तोट्यात होते, पण आधी कोण बुडेल याबद्दल घरात मतभेद होते. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी, लागोपाठच्या चौथ्या पराभवानंतर, त्याने रेडिओवरच्या तक्रारींच्या कार्यक्रमाला फोन लावला. टोलेडोत सोमवारी सकाळी अर्धं गाव हेच करतं. व्हिटलॉकचा उद्धार झाला, डोरन्सचा झाला, मेहुण्याचाही झाला. तेव्हा निवेदक मॉर्टने सहज विचारलं की बोलतोस एवढं, पण करणार काय? आणि व्हर्न बोलून गेला की हे गाढव एक सामना जिंकेपर्यंत मी माझ्या गुत्त्याच्या छपरावर राहीन, खाली उतरणार नाही.

पुढच्या रविवारी लीगमधला सगळ्यात मरतुकडा संघ टोलेडोत येणार होता. व्हर्नचा हिशोब साधा होता: फार तर आठवडाभर तंबूत काढायचा, थोडी प्रसिद्धी, चार गिऱ्हाइकं जास्त. हॅमर्सनी त्या मरतुकड्या संघालाही जिंकू दिलं. पुढे त्या संघाला वर्षभरात दुसरा सामना जिंकता आला नाही.

त्यानंतर ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. थँक्सगिव्हिंगची टर्की दोरीला बांधलेल्या बादलीतून वर आली, येता येता गार झाली. व्हर्न खिडकीतून आत शिरून वापरतो ती माळ्यावरची मोरी छपरात धरायची की घरात, यावर मॉर्टने एक अख्खा कार्यक्रम खर्ची घातला आणि छपरात धरायची असा निकाल दिला. अन्यथा ही गोष्ट सांगण्यासारखी राहिली नसती. गुत्ता रोज भरत होता. लोक रस्त्यावरून हात करत, फोटो काढत. बायको डोलोरेस गल्ला सांभाळी आणि कुणी कौतुक केलं की म्हणे, "तीस वर्षं त्याला घराबाहेर काढायचं बघत होते. वर जाईल असं वाटलं नव्हतं."

गंमत होती तोवर गंमत होती. डिसेंबरात तळ्यावरून वारा सुटला, आणि मुलगी नोरीन शिडी चढून वर आली.

नोरीनचं लग्न जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी ठरलं होतं. मुद्दाम तेव्हाची तारीख, म्हणजे हॅमर्सचे सामने संपलेले असतील आणि बापाचं लक्ष जागेवर असेल. नवरा मुलगा ग्रेग. भला माणूस, पण त्याला सायकलींचा नाद. फुटबॉल कळत नाही असं तो चारचौघांत सांगे, आणि व्हर्नने हे दुखणं आहे असं समजून त्याला माफ केलं होतं.

हॅमर्सचा आता एकच सामना उरला होता. त्यात हरले, तर पुढचा सामना थेट सप्टेंबरात. हे मॉर्टने रेडिओवर गाणं म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं होतं.

नोरीन तंबूच्या तोंडाशी उभी राहिली, बसली नाही. तिने सांगितलं की चर्चमध्ये बापाच्या जागी तिचा हात धरून चालायला तिने रेकाकांना विचारून ठेवलंय. रे हा व्हर्नचा धाकटा भाऊ. फ्लोरिडाला राहायला गेला आणि महिन्याभरात तिथल्या संघाची टोपी घालून फिरायला लागला. व्हर्नच्या मते माणसाने बायको बदलली तर समजू शकतं.

"रे?" व्हर्न म्हणाला.

"विमानाचं तिकीट रविवारी संध्याकाळी काढणार आहेत. मी सांगितलं तर."

"अगं, रविवारी जिंकतील. जिंकले की उतरलोच."

"तेच सांगायला आलेय, डॅड. जिंकले म्हणून उतरणार असशील तर उतरू नकोस."

व्हर्नला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश, ग्रेगला फुटबॉल समजावतात तसं. "टॅनर व्हिटलॉकला चेंडू नीट फेकता आला तर माझा बाप माझ्या लग्नाला येणार, नाहीतर नाही. हे मी कुणाला कसं सांगू? यायचं तर माझ्यासाठी ये. नाहीतर रेकाका आहेत." आणि ती उतरून गेली. शिडी बराच वेळ हलत होती.

व्हर्नला राग आला, आणि नेहमीप्रमाणे तो व्हिटलॉकचा आला.

इकडे गावात निराळंच वारं होतं. या खेळात एक न्याय आहे: वर्षअखेर जो सगळ्यात तळाशी, त्याला कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांतला पहिला पोरगा निवडता येतो. त्या वर्षीचा पोरगा नेब्रास्काचा मायका ओडेल. तो धावता धावता, मागे न बघता चेंडू बादलीत टाकतो अशी त्याची ख्याती. हॅमर्सचा तळ जवळजवळ पक्का होता. शेवटचा सामना हरले की ओडेल आपला; जिंकले तर दोघांचा एकेक विजय, आणि मग नियमातल्या कुठल्याशा कलमाने तो त्या मरतुकड्या संघाला मिळणार. त्यामुळे वर्षभर विजयासाठी मेणबत्त्या लावणारं गाव आता पराभवासाठी लावू लागलं.

ड्वेन पेट्राक हा व्हर्नचा शाळेपासूनचा मित्र, निवृत्त पोस्टमन. शनिवारी तो गल्लीत उभा राहून मान वर करून बोलला. आधी थंडीची चौकशी केली, डोलोरेसच्या पिएरोगींची, त्या उकडलेल्या पोलिश करंज्यांची, स्तुती केली, आणि मग मुद्द्यावर आला. "व्हर्न, उद्या तू जिंकायची प्रार्थना वगैरे करणार नाहीस ना?"

"माझ्या पोरीचं लग्न आहे, ड्वेन."

"लग्न काय, होतच असतात. ओडेल एकदाच येतो." मग त्याला स्वतःलाच जरा ओशाळल्यासारखं झालं असावं. "म्हणजे तू हवं तर गुपचूप उतर. आम्ही बघितलं नाही म्हणू."

पण ते कुणी म्हणणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. लग्रेंज रस्त्यावर शब्द मोडलेल्या माणसाचं काय होतं हे व्हर्नने पाहिलं होतं. एकाने सत्तरच्या दशकात दारू सोडतो म्हणून सांगितलं होतं आणि सोडली नाही. त्याच्या थडग्यापाशी अजून लोक हसतात.

रविवार उजाडला. बर्फ भुरभुरत होतं. गुत्ता दुपारीच गच्च भरला. खाली टीव्हीसमोर माणसं उभी होती, वर व्हर्न तंबूत रेडिओ कानाशी धरून. सामना टोलेडोतच होता, पण मैदान अर्धं रिकामं. आलेल्यांनी डोक्यावर कागदी पिशव्या घातल्या होत्या, डोळ्यांपुरती भोकं पाडून. पिशवीच्या आतून ते स्वतःच्या संघाच्या चुकांवर टाळ्या वाजवत होते.

व्हिटलॉकने गावाला निराश केलं नाही. पहिलीच फेक समोरच्यांच्या हातात. दुसऱ्या वेळी तो स्वतःच्याच गड्याच्या पाठीला धडकून पडला. पुढे डोरन्सनी मधून घुसवलं, अडलं, पुन्हा घुसवलं, अडलं, लाथ. खालून गुत्त्यातून आनंदाचे चीत्कार येत होते. व्हर्न एकटाच छपरावर पुटपुटत होता, "फेक रे बाबा. डावीकडे फेक. डावीकडे आहे तो." सामन्याच्या शेवटच्या चौथ्या भागात दहा गुणांनी मागे असताना व्हिटलॉकला एक माणूस मोकळा सापडला. दहा पावलांवर. आपल्याच शर्टातला. व्हिटलॉकने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि चेंडू प्रेक्षकांत फेकला.

"चल, काही हरकत नाही," व्हर्न मोठ्याने म्हणाला. "पुढच्या फेकीला जमेल. जमेल तुला, टॅनर."

आणि तो थबकला. टॅनर. वर्षभर ज्याला त्याने माणसात धरलं नव्हतं, त्याला तो आता मुलासारखा पहिल्या नावाने चुचकारत होता. म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे आपल्याला ठाऊक. इथे आपण भरवसाच टोणग्यावर ठेवलाय, आणि पोरीचं लग्न त्याच्या गळ्यात बांधलंय. नोरीन जे सांगत होती ते त्याला आत्ता कळलं, चार दिवस उशिरा. डोरन्सना समजायला लागतो त्याहून हा वेळ कमी होता, एवढंच समाधान.

त्याने रेडिओ बंद केला. बंद करून पिशवीत टाकला, पिशवी तंबूत टाकली, आणि गल्लीच्या बाजूने शिडी उतरला.

कुणी पाहिलं नाही. सगळं गाव टीव्हीकडे तोंड करून होतं. जमीन पायाखाली चमत्कारिक वाटत होती, फार सपाट. नोरीनचं घर चर्चच्या पलीकडे. तो बर्फातून हळूहळू चालत निघाला. अर्ध्या वाटेवर घराघरांतून एकदम एक विव्हळणं उठलं, मग थोड्या वेळाने दुसरं, त्याहून मोठं. कुठेतरी काहीतरी फुटल्याचा आवाज आला. व्हर्नने मान हलवली. लोकांनी पराभवासाठी मेणबत्त्या लावल्या खऱ्या, पण प्रत्यक्ष हरलं की पोटात तुटतंच, असा त्याने अर्थ लावला. त्याला गावाबद्दल थोडं बरंही वाटलं.

दार नोरीनने उघडलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. दाढी, वास, बर्फ. तिचा चेहरा मिटत गेला.

"सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "जिंकले म्हणून येऊ नकोस."

"कोण जिंकलं?"

"डॅड, पुरे."

"कोण जिंकलं, नोरीन?"

मागून ग्रेगने भाबडेपणाने माहिती दिली. टीव्हीवर दाखवत होते म्हणे. सामना संपत आला असताना डोरन्स साहेबांचं कानातलं यंत्र बंद पडलं आणि व्हिटलॉकला सूचना ऐकू येईनाशा झाल्या. काय करायचं हे सांगणारं कुणी नाही म्हटल्यावर त्याने सरळ दोन टचडाउन करून टाकले, म्हणजे चेंडू दोनदा टोकाच्या रेषेपार पोचवला; एकेकाला सहा गुण असतात म्हणे. दुसऱ्या वेळी तर चेंडू समोरच्याच्या डोक्यावर आपटून आपल्या माणसाच्या हातात पडला. हे चांगलं असतं ना, असं ग्रेगने विचारलं.

व्हर्न उंबऱ्यावर उभा होता. ऑक्टोबरपासूनची थंडी, टर्की, मोरीचा निकाल, आणि आत्ता, उतरायच्या आत नव्हे, उतरल्यावर लगेच. ओडेलही गेला. त्याच्या तोंडावर जे उमटलं ते आनंदाच्या गावाहून फार लांबचं होतं. तो शिव्या देण्यासाठी शब्द शोधत होता आणि एवढ्या वर्षांच्या सवयीनंतरही त्याला एकही पुरेसा वाटत नव्हता.

"हरामखोर," शेवटी तो हळूच म्हणाला. "पाच मिनिटं आधी जिंकता नाही आलं?"

नोरीन त्याच्याकडे बघत राहिली. हा चेहरा तिने लहानपणापासून प्रत्येक रविवारी पाहिला होता. तो नाटकात आणता येत नाही. तिचे ओठ हलायला लागले. मग ती दाराला टेकून इतकी हसली की ग्रेगने पाणी आणलं.

"आत ये," ती म्हणाली. "आणि आधी आंघोळ कर. मग रेकाकांना फोन तू लाव."

गावाने अर्थातच दुसरंच धरलं. मॉर्टने रेडिओवर सांगितलं की व्हिटलॉकने सोबचॅकला छपरावरून खाली आणलं, आणि आजही टोलेडोत तसंच सांगतात. व्हर्नने दोनदा खुलासा केला, मग सोडून दिलं. वर्षातल्या त्या एकमेव विजयावर डोरन्सना आणखी दोन वर्षांचा करार मिळाला. संघ योग्य दिशेने चालला आहे, असं ते म्हणाले. मेहुण्याला बढती मिळाली.

लग्नाला हॅमर्सच्या कचेरीतून भेट आली: व्हिटलॉकच्या सहीचा चेंडू. जेवणं झाल्यावर तो सभागृहात इकडून तिकडे फिरला आणि ग्रेगच्या हाती लागला. ग्रेगने तो उलटसुलट करून पाहिला, कसा धरायचा ते कुणाला तरी विचारलं, आणि नाचणाऱ्यांच्या डोक्यांवरून लांबच्या टेबलाशी बसलेल्या सासऱ्याकडे फेकला. चेंडू सरळ येऊन व्हर्नच्या हातात बसला. शेजारच्याचा ग्लाससुद्धा हलला नाही.

व्हर्न आणि ड्वेन बराच वेळ जावयाकडे बघत राहिले.

"वय काय याचं?" ड्वेनने विचारलं.