करीमभाईंचा पुकारा

"ऋतुजा शिवमूर्ती बिरादाऽऽर, हाजिर होऽऽ!"

करीमभाईंनी पुकारा दिला आणि व्हरांड्याच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. रस्त्यापलीकडच्या हॉटेलातल्या चहावाल्यानं सवयीनं मान वर केली. जिच्या नावानं एवढा गजर झाला होता, ती दहा वर्षांची पोर तेवढी आली नाही. बाकावर आत्ता होती, आत्ता पसार.

"पुन्हा पळाली," बालगृहाच्या ताई कपाळावर हात मारत उठल्या आणि तिला शोधायला मागच्या अंगणात गेल्या.

करीमभाईंचा चेहरा पडला. उभा जन्म त्यांनी नांदेडच्या कोर्टात दारावर उभं राहून पुकारे दिले होते. त्यांचा आवाज ऐकून वकील अर्धा चहा टाकून धावत, आणि पक्षकार तर चपला विसरून. रिटायर झाल्यावर बाल कल्याण समितीच्या कार्यालयात कंत्राटावर शिपाई म्हणून लागले, तेव्हा अंगावर गणवेश नव्हता, पण आवाज सोबत आला होता. खिशात खडीसाखर ठेवून त्यांनी तो अजून जपला होता. आणि ही एवढीशी पोर त्या आवाजाला जुमानत नव्हती! दर तारखेला हेच. नाव पुकारलं की ती मागच्या पाण्याच्या टाकीआड जाऊन बसायची. मग कोणी हाताला धरून आत आणलं, तरी टेबलासमोर मान खाली घालून उभी राहायची. तोंडातून शब्द नाही.

आत तिचा बाप शिवमूर्ती कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता. गवंडीकाम करणारा माणूस. समितीसमोर आला की त्याचे डोळे आपोआप भरून येत.

"लेकरू हाय माझं, मॅडम. बायको गेली, आता पोरगी बी न्हाई. घर खायला उठतंय."

"तिच्या अंगावरच्या वळांचं काय?" आरती मॅडमनी विचारलं. समितीच्या अध्यक्षपदावर येऊन त्यांना थोडेच महिने झाले होते.

"पडली आसंल कुठं. लई धांदरट हाय."

दुसऱ्या बाजूला तिची मावशी जगदेवी, भाचीला न्यायला शिरूर अनंतपाळहून पहाटेची एसटी धरून आलेली. ती उसळली. "पडली म्हणं! माय गेल्यापासून शाळा सोडवली तिची. भाकऱ्या तीच थापायची, धुणं तीच धुवायची, आन् वरून ह्या दारुड्याचा मार खायची. म्हणून तर एकटी जाऊन चौकीत बसली न्हवं का!"

पण चौकीतही ऋतुजा बोलली नव्हती. शेजारी तर लेखी सांगायला कोणीच तयार नव्हते. मावशीचं घर समितीनं पाहून घेतलं होतं, त्यात काही वावगं नव्हतं. मात्र बाप तो बाप.

"मुलगी काही सांगतच नसेल, तर बापाला नाही म्हणायचं कशाच्या जोरावर?" एक सदस्य म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

आरती मॅडमनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली. त्या दिवशी निकाल लावायचाच होता. पोर बोलली नाही तर बापाबरोबर जाणार, हे करीमभाईंना दाराशी उभ्या उभ्या कळलं.

सगळे गेल्यावर मॅडमनी त्यांना आत बोलावलं. "करीमभाई, जरा हळू बोलावता येईल का? मुलं दचकतात."

"हळू बोलावलं तर तो पुकारा कसला मॅडम?"

"हे कोर्ट नाही, करीमभाई."

हे वाक्य त्यांना चांगलंच झोंबलं. घरी पोचेपर्यंत ते मनातल्या मनात मॅडमशी भांडत होते. दारातूनच ओरडले, "गौसियाऽ! चाय!"

"इत्ता जोर से कायकू जी? बहिरी हूँ क्या मैं?" गौसियाबी आतून म्हणाल्या.

चहा पिता पिता करीमभाईंनी सगळी कर्मकथा सांगितली. आपल्या आवाजाला घाबरून पोर पळते म्हणे! असं कधी झालंय का?

गौसियाबी पदराआड हसल्या. "हुआ ना. नवी थी तब मैं बी तुमारी आवाज सुनको मोरी में जाको बैठती थी. तुमकू मालूमच नै."

करीमभाई बशी हातात धरून तसेच राहिले. इतकी वर्षं संसार झाला, मुलांची लग्नं झाली, आणि ही गोष्ट आज कळत होती. मोरीच्या दाराकडे त्यांनी दोनदा पाहिलं. चहा निवून गेला.

गुरुवारी ते लवकर आले. ऋतुजा बालगृहाच्या ताईंबरोबर आली, पण आज बाकावर बसलीच नाही, थेट टाकीआड गेली. करीमभाई मागोमाग गेले आणि तिच्यापासून जरा लांब, टाकीला टेकून खाली बसले. बसताना गुडघे कडाकडा वाजले. तिनं चोरून पाहिलं.

"म्हातारं हाड हाय, बेटा," ते म्हणाले. आपला आवाज एवढा बारीक होऊ शकतो हे त्यांनाही नवीन होतं. "घाबरून नको राहू. आज पुकारा न्हाई देणार मी."

त्यांनी खिशातून खडीसाखर काढली, एक खडा आपल्या तोंडात टाकला आणि एक मधल्या फरशीवर ठेवला. बऱ्याच वेळानं तो खडा नाहीसा झाला.

"माझा आवाज लई खराब हाय ना?"

"आवाज न्हाई." पहिल्यांदाच ती बोलली. "तुम्ही पप्पाचं नाव घेता."

"पूर्ण नाव घ्यावं लागतं, बेटा. तसा कायदाच हाय."

"पप्पा बी असंच दारातून ओरडायचे. ऋतुजा शिवमूर्ती, कुठं मेलीस? मग मारायचे." फरशीवर बोटानं रेघा ओढत ती म्हणाली. "त्या नावानं आत गेले तर मला त्यांनाच देणार ना?"

जन्मभर करीमभाईंनी किती नावं हवेत फेकली होती! बापाच्या नावासकट माणूस उभं करायचं, ही त्यांची शान. ते नाव पोटच्या पोरीला असं लागत असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मग काय म्हणून हाक मारू तुला?"

तिनं मान वर केली. डोळे भरले होते, पण नजर सरळ होती. "मायचं नाव घेता का? महानंदा. आता कुणीच घेत न्हाई तिचं नाव."

करीमभाई गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि त्यांनी आरती मॅडमना पोरीचं सगळं म्हणणं सांगितलं. कारकून बाजूलाच होता. त्यानं लगेच हरकत घेतली, "यादीत जे नाव आहे, तेच पुकारावं लागतं."

"यादीत आहे तसंच राहू दे," मॅडम म्हणाल्या. "लेकराला हाक मारायला कुठली परवानगी लागते?" मग त्या उठल्याच. "शिवमूर्तींना पलीकडच्या खोलीत बसवा. मुलीचं बोलणं होईपर्यंत तिथेच. आणि ही खुर्ची टेबलाच्या अलीकडे घ्या. मला तिच्या शेजारी बसायचंय."

खुर्ची सरकवायला गेल्या तारखेला बापाची बाजू मांडणारे ते सदस्यही उठले.

करीमभाई टाकीपाशी आले, वाकले, आणि शेजारच्या घरातून वाटीभर साखर मागावी इतक्या हळू म्हणाले, "ऋतुजा महानंदा, येता का?"

ती उठली. फ्रॉक झटकला. त्यांचं बोट न धरता, पुढे होऊन, एकटी आत गेली.

दार लागलं. करीमभाई बाहेर उभे. शब्द कळत नव्हते, पण एक बारीक आवाज येत होता. तो मध्ये थांबला, पेला ठेवल्यासारखं वाजलं, पुन्हा सुरू झाला. मग तो थांबेचना. व्हरांड्यात इतर लोक बोलायला लागले तेव्हा करीमभाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. अवघ्या व्हरांड्याला आरोळीनं हलवणारा माणूस आज कुजबुजसुद्धा होऊ देत नव्हता. जगदेवी पदराचं टोक पिळत भिंतीला लागून उभी होती.

दार उघडलं तेव्हा आरती मॅडमचे डोळे लाल होते, पण चेहरा फुलला होता. "जगदेवीबाई, भाचीला घेऊन जा. शाळेत घाला. आम्ही येऊन बघत राहू."

जगदेवीनं पोरीला असं काही कवटाळलं की तिची वेणीच सुटली. शिवमूर्तीला मॅडमनी आत घेऊन समजावलं. दारू सुटली आणि मुलीची इच्छा असली, तरच भेट. तो यावेळी रडला नाही. खाली बघत बाहेर आला आणि नळापाशी जाऊन उभा राहिला.

"करीमभाई," मॅडम दारातून म्हणाल्या, "यापुढे आधी प्रत्येक लेकराला विचारायचं, तुला काय म्हणून बोलवू. आणि बोलावणार तुम्हीच."

"जी, मॅडम," करीमभाई म्हणाले. छाती कोर्टातल्यासारखीच पुढे आली होती.

मावशी-भाची फाटकाशी पोचल्या. तिथून ऋतुजा हात सोडवून परत पळत आली. करीमभाई लगबगीनं पायरी उतरले, काही बिनसलं की काय!

"काका, आता एकदा जोरात घ्या ना."

"काय जोरात?"

"मायचं नाव. तुमच्या त्या आवाजात."

करीमभाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हसून मान हलवली. ऋतुजा उड्या मारत फाटकापाशी जाऊन उभी राहिली. करीमभाईंनी तोंडातली खडीसाखर गिळली, सदरा खाली ओढला, मान ताठ केली.

"ऋतुजा महानंदाऽऽ, हाजिर होऽऽऽ!"

कबुतरं उडाली. चहावाला हॉटेलाबाहेर आला. रस्त्यावरची माणसं थबकून पाहू लागली. नळापाशी उभ्या शिवमूर्तीची मान आणखी खाली गेली, आणि जगदेवीनं बहिणीचं नाव ऐकून दोन्ही हात जोडले.

फाटकाजवळून, सुटलेल्या वेणीनिशी, पोरीनं हात उंच केला.

"हाजिर हाऽऽय!"