राखून ठेवायचा शब्द

सन १८६४, जानेवारीची १९ तारीख, मंगळवार. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. अमरावतीच्या कापूस बाजारात दोनशे बारा गाड्या उभ्या होत्या आणि पश्चिमेच्या आवारात बारा बायका कापूस निवडत बसल्या होत्या. हे आकडे मी विसरलेलो नाही. भेदरलेल्या अवस्थेत पाहिलेली गोष्ट मोजमापासकट लक्षात राहते.

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. माझा जन्म अकोल्यात, मोर्णा नदीच्या काठी झाला. एका कारागिराने लाकडाची पट्टी भिजवून, वाकवून माझे कडे केले. व्यास बरोबर दोन विती. त्यावर त्याने बकऱ्याचे कातडे ताणून बसवले, सावलीत वाळवले आणि टिचकी मारून माझा आवाज पारखला. तिथून मला नत्थुजी नावाच्या दवंडीवाल्याने अमरावतीला आणले.

माझी एक अडचण पहिल्यापासून होती. दव पडले की माझे कातडे सैल होते आणि आवाज बसतो. मग मला जाळावर धरून शेकावे लागते. ज्या विस्तवाला मी सर्वांत जास्त भितो, त्याच्याच तोंडाशी मला रोज सकाळी जावे लागे. ही भीती माझ्या अंगातून कधीच गेली नाही.

नत्थुजी थकला तेव्हा त्याने मला आपल्या मुलाच्या, देवीदासच्या, हाती दिले आणि दोन नियम सांगितले. डफ विहिरीजवळच्या मोकळ्या जागेतच शेकायचा आणि राखेवर घागरभर पाणी ओतल्याशिवाय उठायचे नाही, हा पहिला. दुसरा शब्दाविषयी होता. "'भयंकर' हा शब्द आग, पूर अन् पटकीसाठी राखून ठेवजो," म्हातारा म्हणाला. "तो ऐकला की मानसं हातातलं टाकून धावतेत. फुकट नको घालवू."

देवीदासने काही वर्षे दोन्ही नियम पाळले. मग दूर अमेरिकेत युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी मान आला. अकोल्याकडून, दर्यापूरकडून गाड्यांच्या रांगा येऊ लागल्या. लिलावाला माणसे खेचण्यासाठी जानराव नावाच्या अडत्याने देवीदासला धरले.

"'भाव बरा हाये' म्हनशील त कोन थांबते बे? जरा जोर लाव!"

देवीदासने जोर लावला. त्याने 'भयंकर भाव' पुकारला आणि गाडीवान खरोखर वळून पाहू लागले. जानरावने सर्वांसमक्ष त्याची पाठ थोपटली. कौतुकाचा नाद वाईट असतो. पाहता पाहता थंडी भयंकर झाली, गर्दी भयंकर झाली, पाटलाच्या बैलांची शिंगेही भयंकर झाली. वास्तविक थंडी बोचरी होती, गर्दी दाट होती, भाव चढा होता आणि शिंगे डौलदार होती. प्रत्येकाला आपापले विशेषण होते. देवीदासने सर्वांना एकच वाटून टाकले.

त्याची बायको गोदाबाई आवारात कापूस निवडायला जाई. तिची जीभ धारदार होती.

"काल वांग्याच्या भाजीले भयंकर म्हनले, परवा शेजारच्या म्हशीले म्हनले. खरंच काही झालं त काय म्हनसान?"

"तवाचं तवा पाहू ना."

"हाव, पाहा. तवा मी ऐकाले असली म्हंजे झालं."

त्या मंगळवारी दव दाट होते आणि देवीदासला उशीर झाला होता. विहीर बाजाराच्या दुसऱ्या टोकाला होती. तो पश्चिमेच्या आवाराआडच बसला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, चार काड्या पेटवल्या आणि मला त्यावर धरले. मित्रांनो, मला आवाराभोवतीच्या कुडाच्या वाळक्या काटक्या दिसत होत्या. कुडामागे माणसाच्या उंचीचा कापसाचा ढीग आहे, हे मला ठाऊक होते. मला ओरडता येत नव्हते. मारल्याशिवाय मला आवाज नाही. देवीदासने पायाने राख पसरली आणि तो निघाला. पाणी ओतले नाही.

शंभर पावलांवर त्याने लिलावासाठी पहिली थाप मारली आणि वाऱ्याबरोबर जळक्या कापसाचा वास आला. तो वळला. आवाराचे फाटक पेटले होते. बैल आत शिरून सरकी खाऊ नयेत म्हणून त्या फाटकाला रोज बाहेरून दोर बांधत. आतून किंकाळ्या येऊ लागल्या. देवीदासने दोराला हात घातला. हात भाजला, गाठ सुटली नाही. एकट्याने कूड मोडण्यासारखा नव्हता. तो मला बडवत बाजाराकडे धावला.

"भयंकर आग! भयंकर आग लागली हो!"

बाजारात दीडदोनशे चुली धुमसत होत्या. त्या धुरात एक धूर जास्त कोणाला दिसणार? बैलांच्या घंटा आणि लिलावाचा कालवा यांत किंकाळ्या विरून गेल्या. एक गाडीवान चिलीम न सोडता म्हणाला, "काल भाव भयंकर, परवा बैल भयंकर. आज आगीची पाळी आली वाटते!" चारचौघे हसले. एकाने देवीदासची नक्कल केली. कोणीही उठले नाही.

आणि मग देवीदासने मला वाजवणे थांबवले. मला जमिनीवर ठेवून तो जानरावसमोर उभा राहिला. आवाज अगदी खाली होता.

"जानरावजी, पश्चिमेचं आवार पेटलं. फाटकाचा दोर बाहेरून बांधला हाये. आत बारा बाया हायेत. माही गोदा हाये. डफ शेकाले म्या तथी जाळ केला होता, पानी नाही टाकलं. आग म्याच लावली."

त्यात एकही विशेषण नव्हते. जानरावचा चेहरा पांढरा पडला. आपणच लावलेल्या आगीची बतावणी कोण करील?

"बैल सोडा!" तो ओरडला. "साखळ्या घ्या! मांगून कूड ओढा!"

आता सारा बाजार धावला. देवीदासने मलाही उचलून नेले आणि कुडापासून थोड्या अंतरावर टाकले. गाडीच्या साखळ्या मागच्या कुडात अडकवल्या, चार बैलजोड्या हाकल्या आणि कूड कडकड करीत आडवा झाला. धुरातून बायका एकामागून एक बाहेर पडल्या. मी जिथे होतो तिथवर धग येत होती. माझे कातडे ताणत गेले, ताणत गेले आणि एका कडेला फाटले. पण मी मोजत होतो. नऊ. दहा. अकरा. मग बराच वेळ कोणीच नाही. देवीदास धुरात शिरणार तेवढ्यात गोदाबाई पदर तोंडाशी धरून बाहेर आली. तिची अर्धी वेणी जळाली होती. तिने नवऱ्याच्या भाजलेल्या हाताकडे पाहिले आणि खोकत म्हणाली, "तुमचं 'भयंकर' मले ऐकू आलं होतं."

कापूस सगळा जळाला. पंचांनी देवीदासची दवंडी बंद केली आणि मी आठ महिने फाटलेलाच खुंटीला लटकून राहिलो. त्याचा मला राग नाही. पुढे पटकीच्या साथीची चाहूल लागली तेव्हा पंचांनी त्याला पुन्हा बोलावले. त्याने मला अकोल्याला नेऊन नवे कातडे घातले आणि त्यानंतर एकदाही विहिरीखेरीज दुसरीकडे शेकले नाही.

आज मी त्याच्या पणतवंडांच्या घरी भिंतीवर असतो. मुले खाली बसून जेवतात आणि म्हणतात, भयंकर भूक लागली, भयंकर मजा आली. मित्रांनो, अशा वेळी माझे कातडे आक्रसते. भूक कडकडून लागू द्या, मजा खूप येऊ द्या. पण हा एक शब्द जपा. ज्या दिवशी तुमची गोदाबाई आत अडकलेली असेल, त्या दिवशी तो तुमच्यापाशी शिल्लक असला पाहिजे.

त्या मंगळवारनंतर देवीदासने एकोणीस वर्षे दवंडी पिटली. त्या काळात त्याने तो शब्द उच्चारला फक्त दोनदा.